हाफकिन: शरीराच्या पहारेकऱ्यांना चकवणाऱ्या जंतूंशी लढलेला माणूस

मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँच पकडली की तासाभरात भाऊच्या धक्क्याला उतरता येतं. तिथून पुढचा भाग म्हणजे माझगाव, भायखळा, परळ. मुंबईत रोज ये-जा करणाऱ्यांना या तीन नावांचं काही विशेष वाटत नाही. पण १८९६ ते १८९९ या तीन वर्षांत याच पट्ट्यात एका परदेशी प्राणिशास्त्रज्ञाने जगातली पहिली प्लेगची लस बनवली, स्वतःला टोचून पाहिली, तुरुंगात आणि गावागावांत दिली. त्या सुरुवातीच्या गावांच्या यादीत आपलं मोराही आहे. माणसाचं नाव वाल्डेमार हाफकिन. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटची पाटी अनेकांनी बसमधून पाहिलेली असते, पण हे नाव माणसाचं आहे की कंपनीचं, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं.

हाफकिनची गोष्ट आज सांगायचं आणखी एक कारण आहे. नागीण, कांजिण्या, ओठाच्या कडेला वारंवार येणारे पाणीदार फोड हे सगळे हर्पीस कुळातल्या विषाणूंचे उद्योग. हे विषाणू आपल्या शरीरात शिरतात आणि जन्मभर तिथेच मुक्काम करतात. शरीर त्यांना हाकलत का नाही? या प्रश्नाचं उत्तर समजायला ज्या गोष्टी लागतात, त्यातल्या दोन हाफकिनच्या आयुष्यात अगदी सुरुवातीलाच येऊन गेल्या होत्या.

ओदेसाचा विद्यार्थी

जन्म १८६० चा, रशियन साम्राज्यातल्या ज्यू कुटुंबातला. शिक्षण काळ्या समुद्रावरच्या ओदेसा शहरातल्या विद्यापीठात. तिथे त्याला प्राणिशास्त्र शिकवायला होते इल्या मेचनिकॉफ. हे नाव लक्षात ठेवा. १८८२ साली मेचनिकॉफनी इटलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत एक काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला होता. बाहेरून आलेली वस्तू दिसली की तिला घेरायचं आणि जमलं तर गिळून टाकायचं, हे काम करणाऱ्या या भक्षक पेशी.

यालाच आपण आज जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणतो. सोप्या भाषेत, सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. आधी ओळख असण्याची गरज नाही. माणूस अनोळखी वाटला, हातात भलतंच काही दिसलं, की शिट्टी वाजवायची. दुसरी फळी असते ती शिकणाऱ्या पेशींची. त्या विशिष्ट जंतूचा चेहरा पाठ करतात, त्याच्यावरची प्रतिपिंडं बनवतात, पण त्यांना तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो. तोवर सगळा भार वॉचमनवर. १९०८ साली मेचनिकॉफना या शोधासाठी नोबेल मिळालं.

विद्यार्थीदशेत हाफकिनचं लक्ष मात्र फक्त अभ्यासात नव्हतं. क्रांतिकारक विद्यार्थ्यांशी संबंध, पोलिसांची पाळत, अटक, सगळं झालं. १८८१ मध्ये ओदेसात ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा तो वस्तीच्या बचावासाठी उभा राहिला आणि जखमी होऊन तुरुंगात गेला. मेचनिकॉफनी रदबदली केली म्हणून सुटला. पुढे विद्यापीठात बढती हवी असेल तर धर्म बदल, अशी अट आली. त्याने नकार दिला. मग काय, संग्रहालयातली छोटी नोकरी, नंतर जिनिव्हा, आणि १८८९ मध्ये पॅरिस. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेचनिकॉफ आधीच पोचले होते. जागा एकच रिकामी होती, ग्रंथालयातली. त्याने ती घेतली, आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शक.

या उरलेल्या वेळातलं एक काम फार कमी सांगितलं जातं आणि मला ते सगळ्यात भारी वाटतं. डबक्याच्या पाण्यात पॅरामिशियम नावाचा एकपेशीय जीव असतो, शाळेत चपलेच्या तळव्यासारखी आकृती काढलेली आठवत असेल. हा जीव जिवाणू खाऊनच जगतो. पण हाफकिनला असे जिवाणू दिसले की जे गिळले गेल्यावर पचत नाहीत. ते पोटातून निसटतात आणि थेट पेशीच्या केंद्रकात जाऊन वाढतात. १८९० साली त्याने त्यांना होलोस्पोरा हे नाव दिलं. म्हणजे ज्याच्या तोंडचा घास व्हायचं त्याच्याच तिजोरीत जाऊन राहायचं. जंतू पहारेकऱ्याला चकवून आत घर करू शकतो, हे त्याने तिशीतच डोळ्यांनी पाहिलं होतं.

पटकीची लस आणि भारत

पुढे त्याने पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा पिच्छा पुरवला. गिनीपिगच्या पोटातून एकामागून एक पाठवत त्याने पटकीच्या जंतूचा जोर वाढवला, दुसरीकडे उष्णता आणि हवा देऊन तोच जंतू सौम्य केला. आधी सौम्य, मग जहाल, अशा दोन सुया. १८ जुलै १८९२ रोजी पहिली सुई त्याने स्वतःला टोचली. ताप आला, दुखलं, उतरलं. युरोपातल्या मोठ्या डॉक्टरांनी फारसा विश्वास ठेवला नाही. एक तर तो डॉक्टर नव्हता, प्राणिशास्त्रज्ञ होता. पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत असलेले लॉर्ड डफरिन पूर्वी भारताचे व्हाइसरॉय होते, त्यांनी भारताचा रस्ता सुचवला. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यात उतरला. रशियन माणूस म्हणजे हेर असणार, असा संशय काही इंग्रज अधिकाऱ्यांना होताच. तरी दोन-सव्वादोन वर्षांत त्याने सुमारे ४२,००० लोकांना लस टोचली, त्यात स्वतःला मलेरिया लावून घेतला, इंग्लंडला जाऊन बरा झाला आणि परत आला.

मुंबई, १८९६

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. काखेत, जांघेत गाठ, फणफणता ताप, आणि काही दिवसांत मृत्यू. लोक शहर सोडून पळू लागले, आणि रेल्वे आणि होड्यांबरोबर प्लेगही बाहेर पडला. सरकारने १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा आणला आणि घरात घुसून झडत्या, सामान जाळणं, माणसं उचलून छावणीत टाकणं सुरू केलं. पुण्यात या जाचातून काय झालं हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे: २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना प्लेगनेच गेल्या.

हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्याला एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. जंतू मात्र असा, की बाटली फुटली तर सगळ्यांचा खेळ खलास.

आता लस कशी बनवली ते बघा, कारण त्यात प्रयोगशाळेपेक्षा स्वयंपाकघरच जास्त दिसतं. जंतू वाढवायला सूप लागतं. गाय आणि डुक्कर दोन्ही टाळायचं होतं, म्हणून बोकडाच्या मटणाचं सूप. त्यावर वरून तुपाचे थेंब. प्लेगचे जंतू तुपाच्या तवंगाला धरून वाढतात आणि खाली वडाच्या पारंब्यांसारखे लोंबू लागतात. बाटली हलवली की पारंब्या तुटून तळाशी बसतात आणि वर नवीन फुटतात. असं काही आठवडे चालू द्यायचं. मग सगळं सूप गरम करून जंतू मारायचे आणि वरून थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. मेलेल्या जंतूंचं हे गढूळ पाणी म्हणजेच लस.

१० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती स्वतःला टोचली. डोस होता सुमारे १० घन सेंटिमीटर, नंतर लोकांना दिला त्याच्या चौपट. सडकून ताप आला, अंग ठणकलं, आणि काही दिवसांत तो कामावर परतला. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या ज्या कैद्यांनी हो म्हटलं त्यांना टोचलं, बाकीचे तसेच राहिले. सगळ्यांचं खाणं, झोपणं, काम एकसारखं. टोचलेल्यांमध्ये नंतर प्लेग बराच कमी झाला.

वॉचमन झोपला कसा?

इथे जरा थांबू. प्लेगचा जंतू इतका घातक का, याचं उत्तर हाफकिनच्या हयातीत कुणाकडेच नव्हतं. ते शेवटच्या तीस-चाळीस वर्षांत उलगडलं.

हा जंतू पिसवेच्या पोटात राहतो तेव्हा तापमान साधारण २५-२६ अंश असतं. त्या वेळी त्याच्या कातडीवर एक मेदाचा रेणू असतो, सहा शेपट्यांचा. आपल्या वॉचमन पेशींकडे नेमका हाच आकार ओळखणारा एक सेन्सर आहे. दिसला की सायरन. पण पिसू चावली, जंतू ३७ अंशांच्या अंगात आला, की तो तोच रेणू चार शेपट्यांचा बनवायला लागतो. सेन्सरला चार शेपट्या नीट कळत नाहीत. सायरन वाजतच नाही. संशोधकांनी उलटा प्रयोगही केला: अंगातल्या तापमानातही सहा शेपट्याच बनवेल असा जंतू तयार केला. तो उंदरांना मारू शकला नाही, शरीराने त्याला लगेच गाठलं. म्हणजे एवढा मोठा मृत्यू दोन शेपट्यांच्या फरकावर अडकलेला होता.

एवढ्यावर भागत नाही. एखादी भक्षक पेशी जवळ आलीच, तर जंतू सुईसारख्या नळीने तिच्या आत प्रथिनं टोचतो. एक प्रथिन गिळण्याची यंत्रणा लुळी पाडतं, एक धोक्याचा संदेश केंद्रकापर्यंत पोचूच देत नाही. फोन चालू आहे, पण सगळी नोटिफिकेशन बंद, तसं. वर ३७ अंशांत जंतू स्वतःभोवती बुळबुळीत आवरणही चढवतो, पकडायला गेलं तर हातातून सटकणारं. पहिला दीड-दोन दिवस शरीरात जवळपास शांतता असते. ताप चढतो तेव्हा जंतू बेसुमार झालेले असतात.

आता लस काय करते ते कळेल. मेलेला जंतू शेपट्या बदलू शकत नाही, सुई टोचू शकत नाही. वॉचमन त्याला निवांत पकडतात, आरडाओरडा करतात (हाफकिनला आलेला ताप तो हाच), आणि दुसऱ्या फळीला त्याचा चेहरा दाखवतात. पुढे खरा जंतू आला की प्रतिपिंडं त्याला चिकटतात. मग तो कितीही बुळबुळीत असो, भक्षक पेशींना धरायला मूठ मिळते. म्हणजे शेवटी काम मेचनिकॉफच्या त्या पेशीच करतात.

हर्पीस: मरू न देता राहणारे

प्लेगचा जंतू घाईत असतो. पहारा झोपवा, वाढा, पुढच्या पिसवेत जा, रोगी मेला तरी चालेल. हर्पीसच्या विषाणूंची चाल नेमकी उलटी. त्यांना घरमालक जिवंत हवा असतो.

आपल्या पेशीत डीएनए फक्त केंद्रकात आणि मायटोकाँड्रियात असायला हवा. बाहेरच्या पातळ भागात डीएनए सापडला तर घुसखोर, असा साधा नियम करून तिथे सेन्सर बसवलेले आहेत. ते वाजले की पेशी इंटरफेरॉन सोडते, म्हणजे शेजारच्या घरांना मेसेज: दारं लावून घ्या. हर्पीसचा विषाणू आपला डीएनए कडक पेटीत बंद ठेवतो, केंद्रकाच्या छिद्रापर्यंत पेटी नेतो आणि थेट आत ओततो. होलोस्पोरासारखीच जागा पकडली बघा, केंद्रक. आतही काही सेन्सर असतात, तर ओठावरच्या हर्पीसचं एक प्रथिन त्यांच्यावर मोडीत काढण्याची खूण मारतं आणि पेशी स्वतःचाच सेन्सर कचऱ्यात टाकते. पेशीने प्रथिनं बनवणंच बंद करून संप पुकारला तर दुसरं प्रथिन तो संप मोडतं.

याच कुळातला सायटोमेगॅलो विषाणू तर आणखी वरचढ. प्रत्येक पेशी पृष्ठभागावर आतल्या मालाचे नमुने लावून ठेवते, ओळखपत्रासारखे. विषाणू स्वतःचे नमुने दिसू नयेत म्हणून ही ओळखपत्रंच काढून टाकतो. पण शरीरात एनके नावाच्या पेशी गस्त घालतात, ज्यांचं काम बिनओळखपत्राच्या पेशींना मारणं. मग विषाणू ओळखपत्रासारखंच दिसणारं बनावट प्रथिन बाहेर टांगतो. डुप्लिकेट आधार कार्डच म्हणा.

आणि शेवटी पळवाटांची पळवाट: झोप. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींमध्ये जवळजवळ काहीच न बनवता पडून राहतो. काही बनवलंच नाही तर पकडणार काय? वय झालं, प्रतिकारशक्ती खचली, की तो मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर उतरतो. तीच नागीण. नागिणीची तोंडं जुळली की माणूस दगावतो, हा समज अजून घराघरांत आहे. तो खरा नाही. पुरळ एका मज्जातंतूच्या पट्ट्यातच येतं, म्हणून सहसा शरीराच्या एका बाजूलाच थांबतं. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ आल्यापासून ७२ तासांत सुरू केल्या तर सगळ्यात उपयोगी पडतात, आणि मंत्र टाकण्यात किंवा लेप लावण्यात नेमके हेच तास जातात. घरात आजी-आजोबांना झाली तर आधी दवाखाना. कांजिण्या आणि नागीण यांवर लस आहे. ओठावरच्या हर्पीसवर खूप प्रयत्न होऊनही मान्यता मिळालेली लस अजून नाही.

निम्मं घर

परत हाफकिनकडे. लस चालते हे सिद्ध कसं करायचं? फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावात त्याने आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली, निम्म्यांना नाही. एकच छप्पर, एकच चूल, तेच उंदीर. पुढे ज्या २८ घरांत प्लेग शिरला तिथे लस घेतलेले ७१ जण होते, त्यातले ३ गेले. न घेतलेले ६४ होते, त्यातले २६ गेले. औषधाची चाचणी कशी करावी हे आजच्या पुस्तकांत लिहिलं जाण्याच्या कितीतरी आधीचा हा प्रयोग. आकडे स्वच्छ आहेत. पण त्या ६४ जणांच्या जागी आपल्या घरातलं कुणी असतं तर, हा विचार वाचताना येतोच, आणि यावा.

लोक लसीला घाबरत होते. अफवा तर आजच्या फॉरवर्डइतक्याच वेगाने पसरत होत्या, व्हॉट्सअॅप नसताना. हाफकिन सक्तीच्या विरोधात होता. विशीच्या उंबरठ्यावरच्या आगाखानांनी लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि माझगावचा आपला खुश्रू लॉज हा बंगला प्रयोगशाळेला दिला, तेव्हा खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. झडत्यांनी जे जमलं नाही ते इथे जमलं. १० ऑगस्ट १८९९ ला प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली, आज आहे तिथे.

बाटली क्रमांक ५३-एन

मग ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुलकोवाल गाव. १०७ जणांना पाच बाटल्यांमधून लस दिली गेली. त्यातल्या ५३-एन या एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. बाकीच्यांना काही झालं नाही.

चौकशी बसली आणि बोट परळकडे गेलं. पंजाबातली मागणी भागवायला हाफकिनने कार्बोलिक ॲसिड वगळून फक्त उष्णतेवर भर दिला होता. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ही पद्धत वापरात होती, पण इथे तोच गुन्हा ठरला. त्याला पदावरून दूर केलं, आणि १९०४ मध्ये तो भारताबाहेर पडला. गावात काय झालं होतं ते कागदोपत्री नोंदलेलं होतं: बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला, आणि तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढलं गेलं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे त्या काळीही माहीत होतं. बाटली मुंबईतच दूषित झाली असती तर उघडताना घाण वास आला असता. तो आला नव्हता.

हे उघड असूनही पाच वर्षं गेली. शेवटी मलेरियाचा वाहक शोधणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून त्याची बाजू मांडली. परदेशी, ज्यू आणि वर डॉक्टर नसलेला माणूस म्हणून त्याला बळी दिलं, असं तेव्हाही अनेकांना वाटत होतं, आणि मला तरी ते पटतं. सरकारने नोकरी परत दिली. पण परळ नाही दिलं. त्याला कलकत्त्याला पाठवलं आणि माणसांवर लस तपासायची मुभा ठेवली नाही. वयाच्या ५५व्या वर्षी निवृत्त होऊन तो फ्रान्सला परतला.

परळमधून मात्र लस निघतच राहिली. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लसीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले. १९२५ साली त्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव दिलं गेलं. हाफकिनने लग्न केलं नाही. शेवटची वर्षं त्याने स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात काढली, धर्म बदलायला नकार देणारा तो तरुण म्हातारपणी आपल्या धर्माचं काटेकोर पालन करू लागला होता, आणि साठवलेला पैसा त्याने पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांच्या नावे ठेवला, जिथे मुलांना धर्मग्रंथांबरोबर विज्ञान आणि एखादा हातचा धंदाही शिकवला जावा अशी त्याची इच्छा होती. २६ ऑक्टोबर १९३० रोजी, वयाच्या ७०व्या वर्षी, लोझानमध्येच तो वारला.